मायाप्पाच्या उपरण्याची पहिली गाठ

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. चैत्र लागला होता. द्राक्षांचे बेदाणे होऊन पेट्यांत भरले होते. त्या उन्हाळ्यात तासगावकडच्या एका गावात मायाप्पा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो करायचा. सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करायचा. त्यामुळे त्याला सहसा कोणी काही सांगत नसे.

तो बहिणीकडे राहायचा. बहीण हौसाक्का. तिचा नवरा बिराप्पा, बेदाण्याचा व्यापारी. मायाप्पा त्याला दाजी म्हणायचा.

दाजींचा त्याच्यावर एक उपकार होता. आक्काच्या लग्नात कोणीतरी मायाप्पाला म्हणालं, विहिरीत पाणी किती आहे बघून ये. मायाप्पाने काठावरून बघितलं नाही. आत जाऊन बघितलं. त्याला पोहता येत नव्हतं. नवरदेवाने मुंडावळ्यांसकट उडी टाकली आणि त्याला वर काढलं.

त्या दिवशी मायाप्पाने उपरण्याला गाठ मारली. उपकार फिटला की सोडायची. पण दाजी फिटू देत नव्हते. रोज जेवताना विहिरीचा विषय काढायचे. "मी काढलं नसतं तर आज ही भाकरी कुणी खाल्ली असती?" मायाप्पाला ठसका लागायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी गाठ तशीच होती.

त्या वर्षी बेदाण्याला भाव चांगला लागला. आक्काने माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव पाहिलं नव्हतं. दाजी म्हणाले, आता तुला थेट परदेशच दाखवतो.

"समुद्रातलं बेट आहे," दाजी म्हणाले. "मधोमध आगीचा डोंगर. खोलीच्या दारात तलाव. डोंगराच्या पायथ्याला कोमट राखेच्या चिखलाचा हौद. मोठमोठी माणसं त्यात गळ्यापर्यंत बसतात."

"पैसे देऊन?" मायाप्पाने विचारलं.

"देऊन."

"आपल्या म्हशी फुकट बसतात."

"तू बोलू नकोस."

आक्का म्हणाली, "एकदा त्याला काम सांगून तर बघा."

दाजींनी सुस्कारा सोडला. "बरं. मायाप्पा, ही सहल तू ठरव. नीट ठरवलीस तर विहीर फिटली. सांगलीला सहलवाल्या वझ्यांकडे जा. पण आपला बेदाण्याचा धंदा विसरू नकोस. चाखल्याशिवाय सौदा करायचा नाही."

"बरं, दाजी." मायाप्पाने उपरण्याला गाठ मारली आणि गेला.

वझ्यांनी बेटावरच्या हॉटेलातला साबण टेबलावर ठेवला. खोबऱ्याच्या वासाचा, पानात गुंडाळलेला. म्हणाले, तिथलं सगळं असं उंची आहे. मायाप्पाने पान सोललं आणि साबण खाल्ला.

"खोबरं चांगलं आहे," तो म्हणाला. "साखर घालायला विसरलेत."

घरी आला तेव्हा त्याला उचकी लागली होती. प्रत्येक उचकीला एक फुगा येत होता.

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, परक्याच्या वस्तूला तोंड लावायचं नाही. नुसता वास घ्यायचा आणि खाली ठेवायची."

"आधी सांगायचं, दाजी." मायाप्पाने गाठ मारली.

झाल्या प्रकाराने वझे घाबरले होते. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी दाजींना आणि मायाप्पाला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी आली. मायाप्पाने वास घेतला आणि खाली ठेवली. आमटी आली. वास घेतला आणि खाली ठेवली. वझेबाईंनी कौतुकाने धाकटा नातू त्याच्या हातात दिला. मायाप्पाने त्याचाही वास घेतला आणि खाली ठेवला.

वाटेत दाजी म्हणाले, "अरे, समोर येईल त्याला हसायचं आणि म्हणायचं, फार छान, अजून येऊ द्या."

"आधी सांगायचं, दाजी." गाठ मारली.

मग पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. दाजी सौद्याला गेले होते. मायाप्पा ओसरीवर होता.

"बिराप्पाची वागणूक कशी आहे?" हवालदाराने विचारलं.

"फार छान."

"बांधावरून कुणाशी भांडण?"

"फार छान. अजून येऊ द्या."

"मारामारी?"

"अजून येऊ द्या."

हवालदाराने सगळं लिहून घेतलं. ते खोडून घ्यायला दाजींना चौकीच्या इतक्या खेपा पडल्या की चपलेचा अंगठा तुटला.

"अरे, अंगावर सरकारी कपडे असलेल्या माणसाने विचारलं तर एकच सांगायचं, आमचा काही संबंध नाही. आणि तोंड फिरवायचं."

"आधी सांगायचं, दाजी." गाठ मारली.

दाजी त्याला नेणारच नव्हते. पण आक्का म्हणाली, "तो नाही तर मीही नाही." म्हणून तिघं निघाले.

बेटावरच्या विमानतळावर मायाप्पा सगळ्यांच्या आधी बाहेर आला. समोर टोपी आणि बिल्ला लावलेला ड्रायव्हर उभा होता. वझ्यांनी मुद्दाम हिंदी जाणणारा माणूस मागवला होता.

"बिराप्पा साहब के साथ हो?" त्याने विचारलं.

"आमचा काही संबंध नाही," मायाप्पा म्हणाला आणि तोंड फिरवलं.

पांढरी लांबलचक गाडी रिकामी निघून गेली. तिघं अननसाच्या टेम्पोत बसून हॉटेलावर गेले. आक्काचं नवं इरकल काट्यांना अडकत होतं. आक्का म्हणाली, "वारा मात्र चांगला लागतोय."

दाजी तापले होते. "अरे, आपलं असेल ते दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. दोन्ही हातांनी धरायचं."

"आधी सांगायचं, दाजी." मायाप्पाने गाठ मारली. आता उपरणं कुठलं, गाठींचा दोरच झाला होता. त्याने हळूच विचारलं, "आणि विहीर? सहल तर ठरली."

"ही सहल ठरली?" दाजी म्हणाले. "आता एकच वाट आहे. मी गळ्यापर्यंत बुडेन आणि तू मला वर काढशील, तेव्हा फिटेल. तोवर विहिरीचं नाव काढायचं नाही."

"बरं, दाजी."

मायाप्पा दाजींच्या मागे मागे फिरू लागला. दाजी समुद्रावर गेले, घोट्यापर्यंत भिजून परत आले. तलावावर गेले, काठावर बसून पाय हलवले. दाजी बुडत नव्हते. हीच अडचण होती.

"आज तरी?" मायाप्पा सकाळी विचारायचा.

"आज तरी काय?"

"काही नाही, दाजी."

शेवटचा दिवस आला. आक्काला गावात दाखवायला एक फोटो हवा होता. मागे आगीचा डोंगर, पुढे आपण दोघं. दाजींनी पांढरा सफारी घातला. दोघं चिखलाच्या हौदाच्या काठावर उभे राहिले. फोटोवाल्याने हसायची खूण केली. दाजी हसले.

मायाप्पाने हौदात वाकून बघितलं. चिखल बरोबर गळ्याइतका होता. त्याने दाजींच्या पाठीला दोन्ही तळवे लावले आणि ढकललं.

हॉटेलचे दोन गणवेशवाले धावत आले. मायाप्पा हात पसरून आडवा उभा राहिला. "आमचा काही संबंध नाही," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. दाजी त्याचे होते. दुसऱ्याने काढले असते तर फिटलं नसतं.

दाजींचं तोंड वर आलं. त्यांनी चिखल थुंकला आणि मायाप्पाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार सुरू केला. त्यात आक्काही आली.

"फार छान," मायाप्पा हसून म्हणाला. "अजून येऊ द्या."

पुष्कळ येऊ दिल्यावर त्याने उपरणं हौदात टाकलं. गाठी होत्या म्हणून दाजींचा हात सटकला नाही. मायाप्पाने दोन्ही हातांनी ओढून त्यांना वर काढलं. त्यांचा वास घेतला आणि खाली ठेवलं.

मग तो काठावर बसला आणि उपरण्याची पहिली गाठ शोधली. पंचवीस वर्षांची गाठ, बोटांनी सुटेना. उपरणं परक्याचं नव्हतं, तोंड लावायला हरकत नव्हती. त्याने दातांनी ती सोडली.