बारा तारांची जाळी

पावाचं पीठ गावोगाव हातांनीच मळलं जाई, त्या काळी रुजारियोच्या बेकरीत पहिला मोठा मिक्सर आला. त्याच्यासोबत दोन अवजारं आली, क्रीम फेटायची तारांची जाळी आणि पीठ मळायचा लोखंडी आकडा.

जाळीचं नाक सदा वर. "एकच हाड, तेही वाकडं," असं ती आकड्याला हिणवी. "मला बघ, बारा तारा आहेत."

"पावाचं पीठ जड असतं, बाई."

"कामचुकाराला सगळंच जड."

एकदा घाईत रुजारियोने जाळी न बदलताच भांड्यात पावाचं पीठ टाकलं. दहा फेऱ्यांत बाराही तारा पिळवटून एकमेकींत अडकल्या.

खुंटीवर परतलेली जाळी फणकारली, "पीठच अडाणी होतं."

मिक्सरकडे निघालेला आकडा म्हणाला, "असेल. आता तूही एकच हाड झालीस, तेही वाकडं. मळता तेवढं येत नाही."