हाकेच्या अंतरावर

पूर्वी, अगदी आजीच्या आजीलाही साल सांगता येणार नाही इतक्या पूर्वी, एक शहर होते. राजधानीपुढे खेडे वाटावे आणि खेड्यापुढे राजधानी, असे बेताचे. मधोमध चौक, चौकात एक पार, भोवती पेठ आणि पेठेतली घरे फार तर दुमजली.

चौकात रोज सकाळी सगुणा नावाची भाजीवाली टोपली घेऊन येई. तिचा गळा मोठा खणखणीत. पारावर उभी राहून "मेथी घ्या, चुका घ्या, कोवळी भेंडी घ्या" अशी तिने एकदा हाक दिली की खिडक्या उघडत. कुणी वरून "थांब गं" म्हणे, कुणी दोरीला बांधून पिशवी सोडी. दुपारच्या आत टोपली रिकामी होई. या हाकेवरच तिचे घर चालत होते.

एके वर्षी राजाच्या मनाने घेतले की आपले शहरही आभाळाला भिडले पाहिजे. राजाचे वाक्य संपायच्या आत नगरशेठने मान डोलावली. जुनी पेठ पाडून तिथे नऊ-नऊ मजल्यांच्या इमारती उठवायचे ठरले. आड आला तो एक जुना नियम. शहर वसवणाऱ्यांनी तो चौकातल्या शिळेवर कोरून ठेवला होता : 'प्रत्येक घर चौकापासून हाकेच्या अंतरावर असावे.'

राजाच्या गवंड्याने दोरी आणली, पारापासून नव्या दारापर्यंत जमिनीवर धरली आणि म्हणाला, "वीस पावलं भरतंय, महाराज. नियम तंतोतंत पाळलाय." सगळ्यांना ते पटले. दोरी उभी धरून बघावी, हे एकाच्याही डोक्यात आले नाही.

पहिली इमारत उभी राहिली. खरे सांगायचे तर दिसायला ती सुरेखच होती. पेठेतली माणसे हौसेने वर राहायला गेली, आणि नवव्या मजल्यावर अर्थातच नगरशेठ.

दुसऱ्या दिवशी सगुणाने हाक दिली. खालच्या चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या, वरच्या ढिम्म. तिने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून पुन्हा हाक दिली आणि मान वर करून वाट पाहिली. कोणी डोकावले नाही. रोज असेच होऊ लागले आणि रोज अर्धी भाजी घरी परत जाऊ लागली. एकदा ती टोपली डोक्यावर घेऊन जिना चढायला लागली, पण सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत मेथीने मान टाकली आणि सगुणाने पायरीवर बसकण मारली.

त्यातच दसऱ्यानंतर दुसरी इमारत नेमकी पाराच्या जागी उठणार होती. मग हाक द्यायलाही जागा उरणार नव्हती. बिचारी काळजीने वाळून गेली, तरी हाक मारून वर बघायची सवय काही सुटेना.

एके सकाळी नगरशेठच्या घरची मंडळी लग्नाला गेली होती. शेठजी एकटेच घरात, आणि नव्या लाकडाचा दरवाजा फुगून असा बसला की उघडता उघडेना. शेठजी खिडकीत येऊन ओरडू लागले. खाली लोकांना वाटले, शेठजी आज खुशीत दिसतात. कुणी वाकून नमस्कार केला, कुणी हात हलवला. शेठजींनी चिडून पगडी खाली फेकली, तर ती बक्षीस समजून चौघांत झोंबाझोंबी झाली. ज्याला मिळाली त्याने ती तिथेच डोक्यावर चढवली आणि वर बघून मुजरा केला.

सगुणा मात्र बघत राहिली. खुशीतला माणूस तोंडाभोवती तळवे कशाला धरेल? तसे तर तीच रोज धरत होती.

"अहो, ते हाक मारतायत," ती म्हणाली आणि गवंड्याला ओढतच जिन्याकडे घेऊन गेली. या वेळी ती नऊच्या नऊ मजले चढली. गवंड्याने पहार लावून दरवाजा उघडला. आत शेठजी घामाघूम, आवाज पार बसलेला.

"सकाळपासून हाका मारतोय," ते कसेबसे म्हणाले. "भरल्या चौकात एकालाही ऐकू आलं नाही?"

सगुणा म्हणाली, "शेठजी, मी तर सहा महिने मारतेय."

शेठजी हट्टी होते, पण कोडगे नव्हते. त्यांना मनापासून लाज वाटली. त्याच बसक्या आवाजात त्यांनी राजाला सगळे सांगितले. राजाने चौकात येऊन शिळा पुन्हा वाचली, गवंड्याच्या दोरीला खो खो हसला आणि ती दोरी आपल्यालाही पटली होती हे आठवून गप्प झाला.

मग नवा हुकूम निघाला. पार तिथेच राहील. इमारती खुशाल बांधा, पण पुढचा मजला चढवण्याआधी सगुणा पारावरून हाक देईल, आणि वरून "थांब गं" असे उत्तर खाली ऐकू आले तरच वीट ठेवायची. पहिल्या इमारतीचे वरचे पाच मजले नगारखान्याला आणि कबुतरांना मिळाले, कारण त्यांचे खाली कोणावाचून अडत नव्हते.

शहर वाढले, ऐटीत चार मजल्यांचे झाले. पाचव्याच्या आशेने गवंडी अजून सगुणाला रोज ज्येष्ठमधाची कांडी आणून देतो. शेठजी तिसऱ्या मजल्यावर राहायला आले आहेत. सकाळी पहिली पिशवी त्यांचीच खाली येते आणि टोपली दुपारच्या आत रिकामी होते.

तात्पर्य : जिथे खालच्याची हाक पोचत नाही, तिथून आपलीही हाक कोणाला ऐकू जात नाही.