कोरा कागद

एका गावात एकदा निवडणूक लागली. घरोघरच्या भिंती विद्रूप होऊ नयेत म्हणून त्या गावाने पूर्वीच एक रीत घालून दिली होती. प्रचाराचे कागद फक्त धर्मशाळेच्या लांब भिंतीवर लावायचे आणि डावी-उजवी बाजू चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायची. त्या वर्षी भिंतीची राखण एका तरुण शिक्षकाकडे आली. गावातल्या वृद्ध गुरुजींचा तो विद्यार्थी.

तीन दिवस एकच प्रकार घडला. उजव्या बाजूचे कागद सकाळी लावावेत आणि दुपारनंतर त्यांची खालची रांग फाटलेली दिसावी. डावी बाजू मात्र शाबूत.

"दुसरं कोण असणार? तुळशीराम!" उजव्या बाजूचे किराणा दुकानदार शेठ गरजले. "डावीकडचे कागद तोच लावतो, भिंतीसमोर घरही त्याचंच. मास्तर, आज ठाण्यात तक्रार गेली नाही, तर संध्याकाळी आमची माणसं त्याच्या दारात उभी राहतील."

शिक्षकाने तक्रार लिहायला घेतली. नावाशी येऊन हात थांबला. मागच्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले, तेव्हा खांदा द्यायला पहिला पुढे आला तो तुळशीरामच. पण फाटलेले कागदही खोटे नव्हते. त्याने नाव लिहिले, कागद खिशात घातला आणि ठाण्याच्या वाटेवर गुरुजींच्या घरी थांबला.

गुरुजींनी तक्रार वाचलीच नाही. त्यांनी शेठ आणि तुळशीराम दोघांनाही धर्मशाळेपाशी बोलावून घेतले. शेठना म्हणाले, "तुमच्या घरी कागद चिकटवायला शिजवलेली खळ वाटीभर आणा. येताना एक कोरा कागदही आणा."

"कोरा? गुरुजी, प्रचार कुणाचा करताय?"

"कुणाचाच नाही."

उजव्या बाजूला, खालच्या रांगेच्या उंचीवर, त्यांनी तो कागद स्वतः चिकटवला आणि समोरच्या कडुनिंबाखाली तिघांना घेऊन बसले. उन्हात भिंत तापत होती. शेठ पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते.

"शेठ, माझे हात मांडीवर आहेत. नीट बघून ठेवा," तुळशीराम म्हणाला.

एवढ्यात गल्लीतून एक पांढरी बकरी रमतगमत आली. तिने कागदाचा कोपरा चाटला, दातांनी ओढला आणि शांतपणे चघळू लागली.

"अरे, ही तर..." शेठ मध्येच थांबले.

"बोला की! तुमचीच ढवळी ना? उमेदवार पाडायला घरचीच निघाली!" तुळशीराम म्हणाला.

शेठनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांनाच हसू फुटले. शिक्षकाच्या छातीवरचे ओझे उतरले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "गुरुजी, उमेदवाराचा कागद लावला असता तरी तिने खाल्लाच असता. मग कोरा कशाला?"

"तिने खाल्लाच असता," गुरुजी म्हणाले. "पण तुम्ही तिच्याकडे पाहिलं नसतं. गेले तीन दिवस ती भर दुपारी इथूनच फिरते आहे. चेहरा छापलेला कागद फाटला की आपण आधी वैरी शोधतो, आणि वैरी माणूसच असावा असं आपल्याला वाटतं. कोऱ्या कागदाला वैरी नाही. म्हणून आज तुम्ही तिघेही नुसते भिंतीकडे पाहत बसलात."

तुळशीराम उठला. "शेठ, मी खळीत कडुनिंबाचा पाला उकळतो, म्हणून जनावर तोंड लावत नाही. घरात अजून अर्धी बादली आहे. चला, तुमची रांग लावून टाकू."

दोघे बादली आणायला गेले. शिक्षकाने खिशातली तक्रार काढून ढवळीपुढे धरली. तिने हुंगली आणि तोंड फिरवले. त्या कागदाला खळ नव्हती.

तो त्याने स्वतःच फाडला.