नाक गेलेला गुळव्या

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तेव्हाचे राजे आता कुणाला आठवत नाहीत, पण गूळ तेव्हाही गोडच होता.

एका नदीकाठच्या गावात एक गुऱ्हाळ होतं. साऱ्या गावाचा ऊस तिथेच यायचा. रसाची काहील, म्हणजे ती भलीमोठी कढई, चुलवाणावर चढली की गूळ नेमका कधी झाला, हे ठरवायचं काम गुळव्याचं. आमचा गुळव्या मोठा तालेवार माणूस. काहिलीशेजारी उभा राहून तो डोळे मिटायचा, नाक वर करायचा, आणि नेमक्या क्षणी हात उंचावायचा. हात वर गेला की काहील खाली. एका पळाचाही फरक पडायचा नाही.

त्या गुऱ्हाळात एक रीत होती. रस आटत आला की कुणी बोलायचं नाही. गुळव्याच्या आजानं कधीतरी बडबड्या गड्यांना दटावलं होतं, त्याची पुढे रीत झाली. शिंक आली तरी लोक पदरात, पागोट्यात दाबून टाकायचे.

एका हिवाळ्यात गुळव्याला पडसं झालं. पडसं गेलं, पण जाताना वासही घेऊन गेलं. मोगरा आणि शेणी त्याला सारख्याच झाल्या. आता हे सांगायचं कुणाला? गुळव्याचं नाक गेलं म्हणजे राजाचा मुकुट गेल्यासारखं. त्यानं तोंड दाबून धरलं आणि पूर्वीसारखाच डोळे मिटून, नाक वर करून उभा राहू लागला.

पहिली काहील करपली. गुळव्या म्हणाला, “ऊसच किडका होता.” दुसरी कच्ची उतरली, ढेप काही घट्ट होईना. गुळव्या म्हणाला, “सरपण ओलं होतं.”

गावकऱ्यांनी दोनदा ऐकून घेतलं. मग गावचा पाटील स्वतः आला. तो म्हणाला, “गुळव्या, तुझ्या आजापासून आम्ही इथे ऊस घालतो. पण आता एक काहील बिघडली, तर सगळा ऊस नदीपलीकडच्या गुऱ्हाळात जाईल. माझाही इलाज नाही.”

ऊस गेला तर गुऱ्हाळ बंद. गुऱ्हाळ बंद तर तिथल्या सात घरांच्या चुली थंड. गुळव्याला घास गोड लागेना. तरी बायकोला बरं वाटावं म्हणून जेवायला बसताना तो म्हणाला, “आज भाजीचा वास काय छान सुटलाय.”

बायकोनं कपाळावर हात मारला. “अहो, भाजीचा पार कोळसा झालाय. शेजारीण विचारून गेली, काय जळतंय म्हणून.”

गुळव्यानं मान खाली घातली. मग सगळं सांगून टाकलं. बायकोनं करपलेलं पातेलं चुलीवरून उतरवलं. मग म्हणाली, “नाक गेलं ते गेलं. पण ते झाकायच्या नादात चारचौघांत नाक कापून घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी तिसरी काहील चढली. पाटील आणि गावकरी कडेला उभे होते. रस आटत आला, सगळे गप्प झाले. आज मात्र गुळव्यानं डोळे मिटले नाहीत. मिटून उपयोग तरी काय होता?

आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपली माणसं दिसली. जाळ घालणारी आत्या कान देऊन काहिलीकडे बघत होती. फावड्यानं रस ढवळणारा गडी ओठ चावत होता. रसावरची मळी काढणाऱ्या वहिनीचे डोळे तर नुसते बोलत होते. सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं.

गुळव्यानं खाकरून घसा साफ केला. “मंडळी, मला वास येत नाही. पडशापासून येत नाही. मागच्या दोन काहिली माझ्यामुळे बिघडल्या. ऊस चांगला होता, सरपणही कोरडं होतं. आता तुम्हाला काय कळतंय ते सांगा.”

आत्यानं आधी तोंड उघडलं. “बुडबुड्यांचा आवाज जाड झालाय बाबा. उतरव आता.”

“नको नको,” ढवळणारा म्हणाला. “फावडं जड लागतंय, पण रस अजून कडा सोडत नाही.”

“वास येतोय खमंग,” वहिनी म्हणाली, “पण अजून पुरता नाही.”

तिघांची तीन मतं. पण वास गेला म्हणून गुळव्याची अक्कल कुठे गेली होती? त्यानं थोडासा पाक गार पाण्यात टाकला, बोटांत फिरवून पाहिला. गोळी वळत होती, पण मऊ होती.

“आत्या, जाळ ओढ. काहील तशीच राहू दे. गड्या, तू ढवळत राहा, आणि कडा सुटली की सांग. वहिनी, तुझं नाक आज माझं.”

थोड्या वेळानं गडी म्हणाला, “सुटली.” त्याच दमात वहिनी म्हणाली, “आता.” गुळव्याचा हात वर गेला.

गूळ असा उतरला की पाटलानं पहिला खडा तोंडात टाकला आणि दुसरा मागून घेतला.

मग गुळव्यानं विचारलं, “मागच्या दोन वेळी तुम्हाला कळलं नव्हतं होय?”

“कळलं होतं की,” आत्या म्हणाली. “पण बोलायचं नाही ना आपल्याकडे.”

गुळव्याला आधी रडू आलं, मग हसू आलं, आणि मग हसू काही थांबेना. सगळं गुऱ्हाळ त्याच्याबरोबर हसलं.

त्या दिवसापासून तिथली माणसं काहिलीजवळ बोलू लागली. वहिनीच्या सांगण्यावरून गुळात सुंठ पडली. आत्याच्या सांगण्यावरून वाटसरूंसाठी मुठीएवढ्या छोट्या ढेपा होऊ लागल्या. त्या इतक्या खपल्या की नदीपलीकडचा ऊसच अलीकडे येऊ लागला.

शेवटी पलीकडचा गुळव्या चौकशीला आला. “तुला तर वाससुद्धा येत नाही म्हणे. मग असा गूळ कसा काय करतोस?”

“तुझ्या काहिलीजवळ कोण कोण बोलतं?” आमच्या गुळव्यानं विचारलं.

“बोलतंय कोण? माझा धाकच तसा आहे.”

“मग तुझ्या गुळात एकट्या तुझी अक्कल उतरते,” गुळव्या त्याच्या हातावर सुंठीच्या गुळाचा खडा ठेवत म्हणाला. “माझ्या गुळात सात घरांची उतरते.”

तात्पर्य : पुढाऱ्याला सगळंच कळावं लागत नाही, ज्यांना कळतं त्यांची तोंडं उघडी ठेवता आली, म्हणजे झालं.