महाराजांची घागर

वेळूगडच्या राजवाड्यात केरू कुंभाराला कोंडून ठेवलं होतं, कारण तो हसला होता. महाराज धैर्यशीलराव गोऱ्या साहेबासमोर इंग्रजीत भाषण करायला उठले आणि पहिल्याच वाक्याला साहेबाचा घोडा खिंकाळला. सगळ्या दरबाराने ओठ चावले. माठ पोचवायला आलेल्या केरूला ते जमलं नाही.

"महाराजांना हसणाऱ्याला चौकात फटके!" असा हुकूम सुटला.

केरूला दमा होता. फटक्यांतून तो उठला नसता. त्याची थोरली बहीण द्वारका सकाळीच दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, राग शांत करा. त्याचा जीव जाईल."

"शांत करायला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत," महाराज म्हणाले. इंग्रजी शिकल्यापासून ते कुठलीही गोष्ट साधी ठेवत नसत. "खांबेटे मास्तर, सांगा हिला."

महाराजांना इंग्रजी शिकवणारे मास्तर खाकरले. "एक 'सूद'. त्याचं मूळ खरेपणात. समोरचा बोलेल त्याला 'खरं आहे' म्हणायचं. 'अस्वेज'च्या मुळाशी गोडवा. 'मॉलिफाय' म्हणजे मुळात मऊ करणं. आणि 'क्वेल'..." मास्तर अडखळले. "त्याचा जुना अर्थ ठार मारणं."

"छान. द्वारके, या सगळ्या मुळांनी माझा राग घालव. शेवटचंही सुटता कामा नये. पण माणूस मेला, जनावर मेलं, साधी मुंगी मेली, तरी भावाशेजारी तुला उभी करीन. दिवस मावळायच्या आत!"

"सरकारांचं खरं आहे," द्वारका म्हणाली.

मास्तर हळूच म्हणाले, "सरकार, पहिला शब्द झाला."

महाराजांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांनी पगडी सारखी केली.

"पुढचं आमच्या अंगणात," द्वारका म्हणाली. "माती काही दरबारात आणता येत नाही."

महाराज उन्हातून तिच्या दारी आले. आल्या पाहुण्याला द्यायचं तसं तिने आधी गूळ आणि पाणी पुढे केलं. घशाला कोरड पडली होती. महाराज गूळ खाऊन पाणी प्यायले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "हा गोडवा!"

"सरकारांच्या ध्यानात लगेच येतं. आता जोडा काढावा."

"कशाला?"

"मऊ करायला. माती पायाने तुडवावी लागते."

"मी तुडवू?"

"राग सरकारांचा आहे. मी तुडवून कसा जाईल?"

महाराज चिखलात उतरले. आधी नाक मुरडून, मग जोर लावून, मग धोतर वर खोचून. माती लोण्यासारखी झाली तशी त्यांना हुरूप आला. द्वारकाने चाक फिरवून दिलं आणि महाराज घागर करायला बसले. घागरीचं पोट एका बाजूला गेलं, मान दुसऱ्या बाजूला.

"मास्तर, हे काय झालंय?"

"घागर असावी, सरकार. जरा... दमलेली."

महाराजांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, खांदे हलेपर्यंत. तेवढ्यात द्वारकाने मूठ उगारली आणि घागर दाणकन चेचून टाकली.

"अगं, माझी घागर!"

"मारली, सरकार. शेवटचा शब्द. फसलेलं भांडं आम्ही असंच मारतो आणि त्याच मातीचं दुसरं घडवतो. मुंगीलासुद्धा धक्का लागला नाही."

महाराजांनी हात झटकले. "मुळं सगळी आली, कबूल. पण माझा राग गेला की नाही, ते मी ठरवणार. नाही गेला! फटके बसणारच."

"खरं आहे. फक्त एक विचारते. सरकार आत्ता कुणाला हसले?"

"कुणाला म्हणजे? त्या घागरीला."

"घागर कुणी केली?"

महाराजांनी आपल्याच हातांकडे पाहिलं.

"महाराजांना हसणाऱ्याला फटके, असा हुकूम आहे. केरू एकदाच हसला. सरकार तर खांदे हलवून हसले, मास्तर साक्षीला आहेत. तेव्हा चौकात पहिली पाठ कुणाची?"

मास्तर आभाळाकडे बघू लागले. महाराज आधी नुसते खोकले. मग चिखलाच्या हातांनी पोट धरून असे हसले की शेजारच्या भिंतीवरून माणसं डोकावली.

केरूला तेव्हाच सोडलं. तळ्याकाठची चिकणमाती द्वारकाच्या घराला पिढ्यानपिढ्या फुकट झाली. आणि खांबेटे मास्तरांना हुकूम गेला, "उद्यापासून शांत करायचे शब्द पुरेत. हसण्याचे शिकवा."