तिसरं बटण

सांगलीच्या सभागृहात त्या दिवशी एकच गोष्ट ठरायची होती: ऑटिझमवर पुढची पाच वर्षं संशोधन कशाचं करायचं? समितीचे अध्यक्ष डॉ. गुळवणी म्हणत होते, फक्त कारणांचं. शालनताईंना वाटे, आपल्या मुलीसारख्या, रेणूसारख्या, ऑटिझम असलेल्या आणि मोठ्या झालेल्या माणसांना चारचौघांत सुखाने कसं वावरता येईल, हेही कुणीतरी शोधावं. म्हणून त्यांनी रेणूलाच बोलायला आणलं होतं.

पण पंपदुरुस्तीच्या कारखान्यात काम करणारी सव्वीस वर्षांची रेणू कान दाबून दारातच थांबली.

"बघा," डॉक्टर सभेला म्हणाले, "मुलगी आत येऊ शकत नाही. हे आलं कुठून, ते आधी शोधू. बाकीचं मग. बाई, दिवस गेले होते तेव्हा तुम्ही खात काय होता?"

शालनताईंची मान खाली गेली. सव्वीस वर्षं त्या हेच ऐकत होत्या.

रेणूने दाराजवळच्या बोर्डावरची बटणं एकेक करून दाबून पाहिली. तिसऱ्या बटणाला व्यासपीठावरचा पंखा थांबला. त्याबरोबर एक बारीक, कर्कश आवाजही थांबला. तो इतका वेळ चालू होता, हे सभेला आत्ता कळलं. कानांवरचे हात काढून रेणू सरळ माईकपाशी आली.

"कारण सापडलं, डॉक्टर. पंख्याचं बेअरिंग गेलंय. आईच्या खाण्याने नाही गेलं."

शालनताई लेकीकडे बघतच राहिल्या. डॉक्टरांनी ठरावाचा कागद हळूच रेणूपुढे सरकवला.

"पहिला विषय तू सांग," ते म्हणाले.