बाबांच्या पाठीवरचे वळ

प्रवरेच्या काठी कुरणवाडी नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत, प्रार्थनामंदिरामागच्या एका खोलीत शांतवनबाबांचा मुक्काम असे. अंगात जाडीभरडी कफनी, खांद्यावर काळी घोंगडी, पाय अनवाणी. बाबा प्रभू येशूचं कीर्तन करीत. त्यांचा आवाज काही फार गोड नव्हता, पण बाबा बोलू लागले की मारुतीच्या पारावरची माणसंसुद्धा उठून ऐकायला येत. असा तो अधिकार!

बाबांच्या कीर्तनात पेटीवर बसे रत्नाकर साळवे. मंडळीचा पंच, घरचा बरा, स्वभावाने करारी. अठरा वर्षं त्याने बाबांची साथ सोडली नव्हती. बाबांना ताप आला तर काढा याच्या घरचा, बाबांची कफनी फाटली तर टाके याच्या बायकोचे. बाबा आपले आहेत, असं त्याच्या मनाने कधीच धरून ठेवलं होतं. भक्ती खरी होती हो, पण तिच्या पोटात मालकी शिरली होती, आणि ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग गावात यशोदासचं आयुष्य पालटलं, आणि रत्नाकरची झोप उडाली.

यशोदास लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा आणि वरातीची दारू पिऊन मिळेल तिथे पडायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको सलोमी कंदील घेऊन त्याला शोधत फिरे. एका थंडीत तो एसटी स्टँडच्या फलाटावर पडला. पहाटे जाग आली तेव्हा त्याच्या अंगावर एक फाटकं लुगडं होतं. शेजारी स्टँडवरची भिकारीण गयाबाई उघड्या अंगाने कुडकुडत बसली होती. एवढंच तिचं पांघरूण, ते तिने एका दारुड्याला घातलं होतं!

यशोदास रडत बाबांकडे आला. बाबा म्हणाले, "माझ्यापुढे काय रडतोस, यशा? जिनं तुला पांघरूण घातलं तिला घरी घेऊन जा."

यशोदासने सलोमीला भीतभीत विचारलं. ती म्हणाली, "आणा. मी चुलीपाशी निजेन." बस्स! त्या दिवसापासून त्याची दारू सुटली. गयाबाईमागून आंधळा तुळशीराम आला, टाकून दिलेली एक मुकी बाई आली. होता होता अकरा माणसं झाली. दोन खोल्या पुरेनात, तेव्हा बाबांनी मंडळीला सांगून मिशनची ओस पडलेली जुनी शाळा त्यांना राहायला देवविली.

आणि बाबा रोज तिकडे जेवायला जाऊ लागले.

रत्नाकरच्या काळजात काटा मोडला तो इथे. अठरा वर्षांत बाबांनी त्याला 'रत्नाकरराव' याखेरीज हाक मारली नव्हती, आणि कालचा हा दारुडा 'यशा' झाला! रत्नाकरची बायको आग्रहाने ताट वाढे, आणि बाबांचा निरोप येई, "आज सलोमीनं अंबाडीची भाजी केली आहे. तिथंच बसतो." अंबाडीची भाजी! आपल्या घरची तुपातली सांजोरी गोड लागेना, आणि भिकाऱ्यांच्या पंगतीतला तो आंबट पाला गोड लागतो?

मग तो चारचौघांत बोलू लागला. "बँडवाल्याचं नवं सोंग आहे. लग्नसराई येऊ द्या, पुन्हा गटारात दिसेल." लोक हसत. यशोदास वाटेत भेटला की म्हणे, "काय संत यशोदास, आज कोणाचे पाय धुतले?" यशोदास मान खाली घालून म्हणे, "तुळशीराममामाचे, दादा. फार भेगा पडल्यात त्यांना." या उत्तराने तर रत्नाकर अधिकच जळे. टोमणा लागूच नये म्हणजे काय!

चैत्र सरत आला होता. पिंपरखेडच्या मंडळीने बाबांचं दुपारचं कीर्तन ठरवलं. रत्नाकरला मनस्वी आनंद झाला. सारा दिवस बाबा आपल्याबरोबर, आपल्या गाडीत! पण त्या सकाळी सलोमी आणि यशोदास अकराही माणसांना आंघोळीला नदीवर घेऊन गेल्याचं त्याने पाहिलं. शाळा मोकळी होती. पंच म्हणून किल्ली त्याच्याकडेच असे. मनातलं विष हातात उतरलं. त्याने दाराला कुलूप ठोकलं, वर चिठ्ठी डकवली, 'छप्पर धोक्याचं. पंचांच्या हुकमाने बंद.' छपराला काहीएक झालेलं नव्हतं.

गाडी निघाली. वाटेत बाबांनी विचारलं, "रत्नाकरराव, शाळेतली माणसं बरी आहेत ना?"

"आहेत की, बाबा." बैलांच्या पाठीकडे पाहत रत्नाकर म्हणाला.

बाबांनी खांद्यावरची घोंगडी नीट केली.

पिंपरखेडला लख्ख ऊन होतं. दगडी मंदिर माणसांनी भरलं. बाबांनी आख्यान लावलं हरवलेल्या मेंढराचं. नव्व्याण्णव मेंढरं रानात ठेवून मेंढपाळ एकाच्या शोधात निघाला, इथवर आले आणि बाबांचा शब्द तुटला. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली, आणि कोणाला तरी तिच्याखाली घेतल्यासारखे पुढे वाकून उभे राहिले.

लोकांना वाटलं, बाबांना भाव दाटला. रत्नाकर मात्र मागे पेटीवर बसला होता. त्याला पाठ दिसत होती. कोणी दगड मारावेत तसं बाबांचं अंग क्षणाक्षणाला हिसके खात होतं. मानेवर काळेनिळे वळ उमटत होते. कफनीवर रक्ताचे ठिपके आले. कोरड्या घोंगडीतून पाण्याची धार लागली, आणि तिच्या घडीतून आवळ्याएवढी एक पांढरी गार फरशीवर पडून पेटीपाशी घरंगळत आली. बाहेर ऊन तसंच होतं!

रत्नाकरची बोटं सुरांवर थिजली.

काही वेळाने बाबांनी हात खाली घेतले. थकलेल्या आवाजात ते म्हणाले, "रत्नाकरराव, गाडी जुंपा. शाळेचं कुलूप काढायचं आहे."

कुलूप! ते बाबांना कोणी सांगितलं? रत्नाकर बैल जुंपायला धावला, पण जोताचे बंद काही केल्या त्याच्या हाताला सापडेनात.

कुरणवाडीची शीव ओलांडली आणि त्याने डोळे विस्फारले. शिवारात गारांचे ढीग पडले होते. कौलं फुटली होती. पाखरं मरून पडली होती. वाटेवरचा माणूस ओरडून म्हणाला, "तासाभरामागं असा मारा झाला, की उघड्यावरचं वासरूसुद्धा जगलं नाही!"

उघड्यावर! रत्नाकरने आसूड टाकला, गाडीतून उडी घेतली आणि गारा तुडवत धावत सुटला. आंधळा तुळशीराम, गयाबाई, ती मुकी बाई... आता काय पाहावं लागणार? "प्रभू, मी मारलं त्यांना," एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं.

शाळेच्या अंगणातला कडुनिंब पार उघडाबोडका झाला होता. खाली गुडघाभर गारा साचल्या होत्या. आणि बुंध्यापाशी बैलगाडीएवढी जागा अगदी कोरडी होती! तिथे तेराही माणसं एकमेकांना बिलगून बसली होती. कोणाला ओरखडासुद्धा नव्हता.

सलोमी उठून म्हणाली, "घाबरू नका, दादा. आम्ही सुखरूप आहोत. बाबा होते ना आमच्यापाशी."

"बाबा?"

"हो की. गारा सुरू झाल्या तसे आले. घोंगडी धरून उभे राहिले आमच्यावर. यांनी किती म्हटलं, बाबा, तुम्हीही आत या. नुसते हसले."

गयाबाई डोळे पुसत म्हणाली, "सगळा मार पाठीवर घेतला लेकरानं. कुठं गेला? त्याला हळद लावा कुणीतरी."

त्या घटकेला बाबा कुठे होते, हे रत्नाकरइतकं कोणाला ठाऊक होतं? अठरा वर्षं ज्या पाठीमागे बसून पेटी वाजवली, तिच्यावर आज वळ उमटवले ते आपल्या हातांनी!

तोवर बैलांनी ओळखीच्या वाटेने गाडी आणली, आणि मागोमाग गावही जमलं. बाबा हळूहळू उतरून चालत आले. रत्नाकरने साचलेल्या गारांतच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडू लागला. "बाबा, मी दार बंद केलं. मी खोटं बोललो. यशोदासचा हेवा मला खात होता. तुम्ही माझे राहावेत, एवढीच हाव होती..."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, आज मी तुझ्याजवळ नव्हतो का? त्यांच्याजवळही होतो, म्हणून तुझ्या वाट्यातलं काय कमी झालं? प्रीती म्हणजे काय भाकरी आहे, एकानं तोडली की दुसऱ्याला उणी पडायला?" मग कण्हत ते म्हणाले, "मी नुसतं मागणं केलं, मार मला दे. राखलं ते प्रभूनं. आणि माझ्या पायांशी काय करतोस? उन्हात जी पोळली, गारांत जी बसली, त्यांच्याकडे जा."

रत्नाकर उठला. त्याने कुलूप काढलं, चिठ्ठी फाडली, दार सताड उघडलं. मग तो यशोदाससमोर आला आणि साऱ्या गावादेखत वाकला. यशोदास गडबडून मागे सरला, "दादा, हे काय करता!" सलोमीने पदराने तोंड झाकलं. रत्नाकर तसाच पुढे गेला, आणि आंधळ्या तुळशीरामाच्या भेगाळल्या पायांवर त्याने कपाळ टेकलं.

"कोण आहे रे?" तुळशीरामाने चाचपत विचारलं.

"मी, मामा. दाराला कुलूप घालणारा."

म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस गारांच्या पाण्याने भिजले होते.

"भिजलास की रे लेका," तुळशीराम म्हणाला. "ऊठ. आधी तू आत चल."

भाविकहो, ज्याच्या मनात हेव्याची ठिणगी असेल, त्याला प्रभू अशीच सावली देवो.